उत्तनच्या वाळूवर सुनेचं नाव

स्वतःचा शोध घ्यायला लोक हिमालयात जातात आणि परत येऊन आपल्याला फोटो दाखवतात. मी मीरा रोडच्या सिल्व्हर पार्कमधून उत्तनला गेले. सकाळी निघाले, संध्याकाळी घरी. सुट्टी कमी आणि डोकं जागेवर असेल त्यांनी हाच मार्ग धरावा.

निमित्त होतं भाचीच्या प्री-वेडिंग शूटचं. म्हणजे लग्नाआधीच लग्न झाल्यासारखं हसायचं. वहिनीचा गुडघा धरला होता, म्हणून मोठं माणूस या नात्यानं मला जुंपलं. मीही खुशाल जुंपून घेतलं, कारण मला एक भांडण करायचं होतं.

भाचीचं नाव वैदेही. बारशाला पाळण्यात वाकून तिच्या कानात ते नाव मी सांगितलं. आत्याचा मानच तो. आता नवऱ्या मुलाच्या आईनं, सुलभाताईंनी, ठरवलं होतं की ओंकारला शोभेल असं सुनेचं नाव ओवी ठेवायचं. लग्नात ओंकार ताटातल्या तांदळांवर अंगठीनं ते लिहिणार आणि बँकेत नोकरी करणारी सत्तावीस वर्षांची वैदेही तिथल्या तिथे खलास.

गाडी ओंकारची होती आणि सुलभाताईही सोबत होत्या. तुमच्याकडे नसेल तर भाईंदर पश्चिमेहून उत्तनची बस मिळते. रविवारी मात्र बसायला जागा मिळेल या भ्रमात राहू नका. मुर्धा, राई, मोर्वा अशी गावं लागतात आणि प्रत्येक गावात रस्ता अंग चोरतो. समोरून बस आली की कुणीतरी मागे जायचं असतं. ओंकार दर वेळी मागे गेला. मी ते लक्षात ठेवलं.

"ओवी किती गोड वाटतं, नाही?" सुलभाताईंनी सुरुवात केली.

"बारशाला ठेवलेलं नाव आहे ते तिचं," मी म्हटलं. "दुसऱ्याच्या लेकराचं नाव असं कुणी बदलत नाही."

"तुमचंही बदललंच की, अनुराधाताई. काही बिघडलं?"

बदललं होतं. चोवीस वर्षं मी शैला होते. पण शैला ही कॉलेजच्या वक्तृत्व स्पर्धेत स्टेजवर रडलेली मुलगी. पाण्याच्या टँकरवाल्याला भर सोसायटीत झापते ती अनुराधा. दोघींपैकी खरी कोण, हे मला छातीठोकपणे सांगता येत नाही. अर्थात, हे सुलभाताईंना सांगायची काही गरज नव्हती.

वैदेही मागच्या सीटवर मोबाइल बघत होती. तिला कुणी काही विचारलं नाही.

उत्तनला पोचल्यावर फोटोग्राफरनं दोघांना कोळी करून टाकलं. तिला चेन लावायचं भाड्याचं लुगडं, त्याला लाल टोपी आणि दोघांत मिळून टोपलीभर प्लास्टिकचे पापलेट. खरे बोंबील दहा पावलांवर बांबूंवर वाळत होते, पण त्यांना वास होता. सुलभाताईंनी नाकाला रुमाल लावला, तशी बोंबील वाळत घालणारी बाई ओरडली, "वास न्हाय चालत, न् फोटो चालतंय काय गो?" फोटो मात्र काढले.

मग वाळूची एक पट्टी गाठली. "सर, अब रेत पे मॅडम का नाम लिखिए," फोटोग्राफरनं काठी दिली.

"ओवी लिही रे," सुलभाताई म्हणाल्या. "आतापासून सवय होईल."

ओंकारनं आईकडे पाहिलं, वैदेहीकडे पाहिलं आणि 'ओ' काढला.

वैदेहीनं काठी काढून घेतली. "थांब. आधी मी तुझं ठेवते." आणि तिनं मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'विश्वंभर'. "मला शोभेल असं. व वरून."

"अगं, हे काय?" सुलभाताई कडाडल्या. "बारशाला ठेवलेलं नाव आहे ते त्याचं! असं कुणी बदलतं का?"

माझंच वाक्य, जवळजवळ जसंच्या तसं. मी मनसोक्त हसले.

"आत्या, तू हसू नकोस," वैदेही माझ्याकडे वळली. "मला हे नाव कधीच आवडलं नाही. शाळेत पोरं दही म्हणायची. ऑफिसात व्ही म्हणतात. तू ठेवलंस, या बदलतायत. मला कोण विचारतंय?"

"पाळण्यात होतीस. काय विचारणार?"

"आता आहे का पाळण्यात?"

मी हसणं आवरलं. असं फार वेळा होत नाही.

"मग मी काय लिहू?" ओंकारनं विचारलं. त्या दिवसातला पहिला शहाणा प्रश्न.

वैदेहीनं काठी त्याच्या हातात दिली. "वैदेहीच लिही. आवडतं म्हणून नाही. सत्तावीस वर्षं ओढत आणलंय, आता ते माझं झालंय."

"मॅडम, धूप चढ रही है," फोटोग्राफर म्हणाला. "कुछ भी लिखो, लेकिन जल्दी लिखो."

ओंकारनं लिहिलं. आईकडे न बघता.

जेवण उत्तन नाक्याजवळ. बोंबील फ्राय मागवा, सोबत तांदळाची भाकरी. चौघांचं हजार-बाराशेत होतं. दुपारी एकनंतर गेलात तर बोंबील संपलेले असतात. सुलभाताईंनी, रुमाल पर्समध्ये ठेवून, तीन खाल्ले.

"मी पुष्पा होते," मग त्या एकदम म्हणाल्या. "लग्नाआधी."

"आई, हे मला माहीतच नव्हतं," ओंकार म्हणाला.

"तू कधी विचारलंस?"

त्यांना टोमणा मारायची ही उत्तम संधी होती. मी त्यांना भाकरी वाढली.

परतीच्या वाटेवर पुन्हा तीच गावं, तोच रस्ता. मला मात्र आमच्या लग्नातलं ताट आठवत राहिलं. माझं नाव सासूबाईंनी ठरवलं, यांनी तांदळांवर सुबक अक्षरात लिहिलं आणि पुढे उभ्या संसारात त्या नावानं मला एकदाही हाक मारली नाही. सगळं 'अगं'वर भागलं.

दार उघडलं. हे टीव्हीसमोर होते.

"अगं, आलीस का?"

"नावानं विचारा," मी म्हटलं.

टीव्हीचा आवाज कमी झाला. यांनी चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं.

"कुठल्या?"

मी चप्पल काढता काढता थांबले.

"पाणी आणा," मी म्हटलं. "तोवर ठरवते."