पानावर नसलेली वेळ

मी चौथी शिकलो, तीही पुरी नाही. पण इथं कन्नड मुलखात, चामराजपेटेत, उभं आयुष्य शिंपीकाम केलं, कोट कापले आणि कुणाचं ऐकून कात्री फिरवली नाही. हे आधीच सांगतो, कारण पुढचं माझ्या तोंडून सहज निघणारं नाही.

सून पुण्याची. स्वतःच्या आजारपणानं वर्षभर नोकरीबाहेर राहून मग इंदिरानगरच्या एका कंपनीत नव्यानं कामाला लागली होती. तिचं काम लिहिण्याचं. हल्ली माणसाच्या वतीनं कामं उरकणारे एआय एजंट निघालेत. त्यांना वेबसाइटवरची माहिती लागते. कंपनीचं टूल त्या पानावर जातं, हवं तेवढं वेचतं आणि रकान्यांत भरून एजंटला देतं. ते कसं वापरायचं, ते सुनेनं लिहून द्यायचं. तिचं लिखाण दोनदा परत आलं होतं. शुक्रवारी तिसऱ्यांदा दाखवायचं होतं, आणि तिला ठेवायचं की नाही ते त्यावरच ठरणार होतं. मुलगा कामासाठी हुबळीला. घरात आम्ही दोघंच, आणि तो विषय दोघंही काढत नव्हतो.

बुधवारी जेवणं झाल्यावर ती समोर येऊन बसली.

"बाबा, अर्धा तास द्याल? मी पायऱ्या सांगते, तुम्ही टूल व्हायचं. तुम्हाला जमलं तर कुणालाही जमेल."

"म्हणजे मी मशीन?"

"हो. आणि मशीन उलट बोलत नाही."

"मग दुसरं कुणीतरी बघ."

ती हसली. बऱ्याच दिवसांनी हसली, म्हणून मी चष्मा लावला.

तिनं एका दवाखान्याच्या वेबसाइटचं पान छापून आणलं होतं. कन्नडमधलं, मला वाचता येईल असं. डॉक्टरांची नावं, वार, बसायची वेळ. ती सांगत गेली: नाव शोधा, वार शोधा, वेळ शोधा, रकान्यात लिहा. मी लिहीत गेलो. कागद भरला तसा तिच्यापुढं सरकवला.

तिनं शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं. "यांची दहाची वेळ कुठून आणलीत?"

"वरचे सगळे दहालाच बसतात. हा काय वेगळा बसणार?"

"पानावर आहे का?"

"नसलं म्हणून काय झालं? स्वल्प, थोडं डोकं चालवायला नको?"

तिनं लॅपटॉप माझ्याकडं वळवला. तेच पान तिनं खऱ्या टूलला दिलं होतं. टूलला त्या डॉक्टरची वेळ सापडली नव्हती. पण ते एजंटला तसं सांगत नव्हतं, आणि एजंटनं आपल्या मनानं तिथं दहा लिहिले होते.

"बघ," मी म्हणालो, "तुझं मशीनही शहाणं आहे."

"बाबा, उद्या कुणी आजारी माणूस दहाला जाऊन बसला आणि डॉक्टर आलेच नाहीत तर?"

"बसेल थोडा वेळ. त्यात काय?"

मागचं वर्ष तिनं दवाखान्याच्या बाकांवरच काढलं होतं. मला ते ठाऊक होतं, तरी मी तसं बोललो. शब्द मागं घ्यायची मला सवय नाही. मी उठलो, पाणी प्यायलो, परत येऊन बसलो. ती त्या दहाकडंच बघत होती. तेव्हा मी तिला एका कोटाचं सांगितलं. बायकोलाही ते कधी सांगितलं नव्हतं.

आमच्या शिंपीकामात बाहीचं माप उजव्या हाताचं घेतात. वहीत बाहीसाठी एकच आकडा, दुसरी बाही त्यावरूनच कापायची. एकदा एक कारकून मुलीच्या लग्नासाठी कोट शिवायला आला. जन्मातला पहिला कोट. त्याचा डावा हात लहानपणी मोडून आखूड राहिला होता, सैल शर्टात ते दिसत नव्हतं. मी टेप गुंडाळत होतो तेव्हा तो म्हणाला, "मास्तर, हा हात..." मी म्हणालो, "माझं काम मला शिकवू नका." घाईत ट्रायलही झाली नाही. लग्नाला मी गेलो होतो. डावी बाही बोटांवर येत होती. तो सबंध वेळ डावा हात पाठीमागं धरून उभा होता, पाहुण्यांना नमस्कार करायचा सोडून नुसती मान हलवत होता. नंतर दुकानात आला, तर मीच म्हणालो, "तुम्ही वाकडे उभे राहता." तो "सरी, मास्तर," म्हणजे बरं, एवढंच म्हणाला. पुन्हा आला नाही.

"त्या हाताचं माप मी घेतलंच नव्हतं," मी सुनेला म्हणालो. "आणि घेतल्यासारखं कापलं."

तिनं विचारलं, "मग वहीत काय लिहायला हवं होतं?"

"काही नाही. डाव्या हातासाठी जागा सोडायची. मोकळी जागा दिसली की कापणारा थांबतो, विचारतो."

तिच्या लिखाणात हे कुठंतरी शेवटी, एका ओळीत होतं. तिनं ते उचलून पहिल्या पानावर नेलं: जे वेबसाइटच्या पानावर नाही त्याचा रकाना रिकामा ठेवायचा, सापडलं नाही असं सांगायचं, आणि एजंटनं तिथं अंदाज भरायचा नाही.

शुक्रवारी ती उशिरा परतली. चपला काढून दारातच बसली.

"साहेब म्हणाले ती ओळ काढ. पहिल्याच पानावर 'सापडलं नाही' वाचलं की गिऱ्हाइकाला टूल कच्चं वाटतं."

"मग?"

"मी म्हटलं, काढणार नाही. बरीच वादावादी झाली. शेवटी ओळ राहिली."

"आणि तू?"

"मला अजून कायम केलं नाही. तीन महिने ठेवतो, मग पुन्हा बघतो म्हणाले."

"पोरी, एवढं अडून बसायचं नव्हतं. नोकरीचा प्रश्न होता."

"तुम्ही काढली असती?"

तिच्या वयात मी काढली असती, कुणी सांगायच्याही आधी. गिऱ्हाइकासमोर मला एखादी गोष्ट ठाऊक नाही हे दिसणं मला कधी सोसलंच नाही. हे तिला तोंडावर सांगणं त्या दिवशी जमलं नाही, म्हणून इथं लिहिलं आहे. तिला मी एवढंच म्हणालो, "हातपाय धू. मी ताटं घेतो."