पंधराचा कंडेन्सर

मिरकरवाड्याच्या चढावर माझं पंखे-मिक्सर दुरुस्तीचं दुकान आहे. मोटरला सुरू व्हायला जोर देणारा कंडेन्सर चांगला की गेलेला, हे मी इतकी वर्षं एकाच रीतीनं ठरवत आलो. क्षणभर लाइनला लावायचा, काढायचा आणि त्याच्या दोन्ही वायरी एकमेकींना टेकवायच्या. चट्‌कन ठिणगी उडाली की चांगला. गिऱ्हाइकालाही ती ठिणगी बघितल्याशिवाय बरं वाटत नाही. मीटर होता ड्रॉवरमध्ये. त्याचा सेल कधी संपला, आठवत नाही.

शेजारचे चाचा जुने तांडेल, मासेमारीची लाँच हाकण्यात आयुष्य गेलेलं. फुफ्फुसं खराब झाली तेव्हा कतारमधल्या मुलानं त्यांना हवेतून ऑक्सिजन काढणारं विजेवरचं मशीन पाठवलं. एक दिवस ते सुरू होताना कण्हायला लागलं. मी कान लावून बसलो.

"आमच्या लाँचीचा मिस्त्री पण असाच कान लावायचा," नाकात नळी असताना चाचा हसले. "म्हणायचा, तांडेल, इंजिन एक नंबर! आणि बंदर सोडला की इंजिन बंद."

"तुम्ही गप बसा हो," चाची म्हणाल्या. "त्याला बघू द्या."

मी कंडेन्सर काढून ठिणगी पाडून दाखवली. "ठणठणीत आहे, चाची. दुपारी बर्फाचे कारखाने चालतात, व्होल्टेज पडतो. बाकी काही नाही."

खरं काय होतं ते सांगतो. या कंडेन्सरात प्लास्टिकची पातळ फिल्म गुंडाळलेली असते आणि तिच्यावर धातूचा नुसता हात फिरवलेला असतो. विजेचा झटका आला की फिल्मला बारीक भोक पडतं, भोकाभोवतीचा धातू जळून जातो आणि कंडेन्सर आपला आपण बरा होतो. पण तेवढा कमी होतो. आमच्या खाऱ्या दमट हवेत तर तो धातू आतल्या आत खाल्ला जातो. बाहेरून ना फुगतो, ना काळा पडतो. पंधरा मायक्रोफॅरडचा आठवर आला तरी ठिणगी पडतेच; उतरलेला आकडा फक्त मीटर दाखवतो. मोटर मात्र ओढत नाही.

हे मला माहीत होतं. ठिणगी पडली म्हणून मी विसरलो.

आठ दिवसांनी चाचींची हाक आली. मशीन नुसतं गुणगुणत होतं, मोटर फिरत नव्हती. ऑक्सिजनचा जादा सिलिंडर भरायला गेलेला. रिक्षावाला दारात उभा होता.

"काय झाला रे? दवाखान्यात नेऊ?"

"थांबा चाची. होईल आत्ता."

कंडेन्सरच उतरला होता, आणि पंधराचा नवा माझ्याकडे नव्हता. मी गावातल्या दुकानांना फोन लावले, चिपळूणला लावला. उद्याच्या एसटीनं पाठवतो, म्हणाले. चाची सुपानं वारा घालत होत्या. चाचा माझ्याकडे बघत होते. बोलायला दम नव्हता. पाऊण तास मी त्यांना थांबवलं. मग रिक्षातून नेलं तेव्हा त्यांची नखं निळी झाली होती.

दवाखान्याच्या बाकावर बसलो असताना मला सुचलं. पंख्याचा कंडेन्सर अडीचचा असतो. सहा शेजारी शेजारी जोडले की पंधरा. दुकानात खोकाभर होते.

तिसऱ्या दिवशी चाचा गेले. फुफ्फुसं संपलीच होती, असं डॉक्टर म्हणाले. सगळ्यांनी ते मानलं. मीही मानल्यासारखं केलं.

चाळिसाव्या दिवसानंतर चाचींनी मशीन दुकानात आणून ठेवलं. "दुरुस्त कर. मोहल्ल्यात कुणाला तरी लागेल." नवा कंडेन्सर घातला. बटण दाबल्याबरोबर मशीन सुरू झालं, कण्हलं नाही. चाची ऐकत उभ्या राहिल्या आणि मला राहवलं नाही. ठिणगी, मीटर, खोका, सगळं सांगितलं.

त्यांना कळणार नाही, असं वाटलं होतं.

"म्हणजे त्या दिवशी तुझ्या दुकानात होते?"

"होते."

"किती लागले असते?"

"सहा."

त्यांनी वरच्या फळीवरच्या खोक्याकडे बघितलं. मशीन चालूच होतं.