काकींनी घेतलेलं नाव

“ते आले का घेईन.”

लग्नाकार्यात बायका नाव घ्यायचा आग्रह करायच्या, तेव्हा काकी एवढंच म्हणायच्या आणि कपाळावरचं कुंकू बोटानं चाचपून बघायच्या. आमच्या आंधळगावात तुम्ही त्यांना पाहिलं असतं, तर ते बोट आधी लक्षात राहिलं असतं. बाकीच्या बायका उखाण्यात नाव घेत. पण घर सोडून गेलेल्या नवऱ्याचं नाव त्याच्या माघारी घेतलं तर त्याचं आयुष्य घटतं, ही काकींची पक्की समजूत. नवरा तर मी शाळेत असतानाच गेलेला. एका पहाटे तो नागपूरला निघाला, असं त्याचा धाकटा भाऊ सांगायचा. निघताना मात्र कुणी पाहिलं नव्हतं.

हा धाकटा भाऊ म्हणजे आमच्या गल्लीतले मालक. धानाचे व्यापारी, आवाज दांडगा. भावाचा विषय निघाला की हमखास म्हणायचे, “येईल ना बाप्पा! आज ना उद्या येईल.” त्या एका वाक्यावर काकी जगत होत्या. माहेरी त्यांचं कुणी उरलं नव्हतं, म्हणून दिराच्याच घरी राहायच्या. जीभ मात्र तिखट! पंच्याऐंशी सालाच्या सुमारास मी माझ्या फोटोच्या धंद्यात व्हिडिओ कॅमेरा घेतला, तर मला म्हणाल्या, “फोटो काढून पोट नाई भरलं का रे तुहं? आता माणसं हालवून राहिला!”

मालकांच्या मुलाचं लग्न ठरलं आणि त्यांना घराण्याचा सिनेमा काढायची हुक्की आली. मांडवात टीव्हीवर दाखवायचा, व्याह्यांनी तोंडात बोट घालायला हवं! मी भर दुपारी कॅमेरा घेऊन गेलो, तर सगळं घर फोटोला उभं राहावं तसं श्वास रोखून उभं. “अहो, हला, बोला जरा!” म्हणून मी ओरडलो, तर मालकांनी फक्त मिशी हलवली. काकी पदरात तोंड लपवून खुदखुदत होत्या. त्यांना तसं हसताना मी पुन्हा पाहिलं नाही.

मग मालक दाखवत सुटले. ही आजोबांची बैलबंडी, हा वडिलांनी बांधलेला धानाचा कोठा. मागच्या अंगणात एक दगडी चौथरा होता. हे काय, म्हणून मी विचारलं.

“जुनी इहीर होती. पाणी खारं झालं, मंग बुजवली.”

“खारं कवा झालं?” काकी मागून बोलल्या. “मी तं गोडच पेली. ते गेले त्याच हप्त्यात बुजवली तुमी.”

मालकांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. मी कॅमेरा तिथून हलवला. का कोण जाणे, त्या चौथऱ्यापाशी उभं राहायला नको वाटलं.

त्यांनी काकींना अंगणातच खुर्चीवर बसवलं. “वयनी, भावाचं नाव घे. घराण्याच्या सिनेमात मोठ्याचं नाव पाहिजेच.”

“ते आले का घेईन.” बोट कुंकवावर गेलं.

ऊन तापलं होतं, मालकही तापले. “अवो, तो कुठून येते आता! घे म्हनलं तं घे!”

बोलून गेले आणि त्यांनी जीभ चावली. काकी त्यांच्याकडे बघत राहिल्या. मग चौथऱ्याकडे बघितलं, आणि परत त्यांच्याकडे.

“म्हंजे तुमाले ठाऊक हाये,” त्या म्हणाल्या.

आयुष्य घटायची भीती आता उरली नव्हती. उखाणा नाही, यमक नाही. कॅमेऱ्याकडे सरळ बघून त्यांनी नुसतं नाव घेतलं, “दामोदर.” आणि पदरानं कुंकू पुसून टाकलं. देवा रे!

“बंद कर ते!” मालकांनी कॅसेट जागीच काढून घेतली.

लग्नात सिनेमा दाखवला. चौथरा जेमतेम दिसला आणि टीव्हीवर नुसत्या मुंग्या. कॅसेट खराब निघाली, असं लोक म्हणाले. मी बायकांमध्ये काकींना शोधत होतो. शूटिंगच्या दुसऱ्या दिवसापासून त्या गल्लीत कुणालाच दिसल्या नव्हत्या. तिकडे नव्या सुनेनं नाव घेतलं, हशा पिकला, आणि सवयीनं कुणीतरी म्हणालं, “आता काकी! अवो, काकी कुठी हाये?”

मालक पाहुण्यांना पानसुपारी देत होते. हात थांबला नाही.

“माहेरी गेली,” ते म्हणाले. “येईल ना बाप्पा. आज ना उद्या येईल.”