वजनकाट्यावरचं वाण

माझ्या नवऱ्याला मध्यंतरी पाठीवर बिऱ्हाड घेऊन डोंगर हिंडायचं वेड लागलं. खरं तर चालण्याचं नव्हे, वजनाचं. लातूरच्या आमच्या घरात काटा आला तो त्याचे मोजे तोलायला. टूथब्रशचा दांडा त्याने कापून टाकला. सुटलेलं पोट मात्र काट्यावर कधी चढलं नाही. 'एका वस्तूची निदान दोन कामं झाली पाहिजेत' हे त्याचं ब्रह्मवाक्य. रेनकोट तोच तंबू, हातातली काठी तोच तंबूचा खांब, आणि पायातले मोजे थंडीत हातात. शेवटच्याबद्दल मी बोलत नाही.

अधिक महिन्यात आईने जावयाला पुरणाचे धोंडे जेवायला इस्लापूरला बोलावलं. वडील गेल्यानंतरचा हा पहिलाच अधिक महिना. ते नाहीत म्हणून जावयाच्या मानात काही उणं पडलं, असं कुणी म्हणू नये, एवढाच तिला घोर होता. साहेबांनी मात्र त्यालाच जोडून तिथून सहस्रकुंडाच्या धबधब्यापर्यंत पायी जायचा बेत आखला. म्हणजे सासुरवाडीचीही दोन कामं झाली.

आईने पाट मांडला, रांगोळी घातली, पाय धुवायला परात आणली. याने पिशवीतून रबराचा घडीचा वाडगा काढला. "यात धुवा. मिटला की खिशात मावतो." आईने त्या एवढ्याशा वाडग्यात एकेक पाय कोंबून धुतला. जेवण झाल्यावर त्याने तोच वाडगा विसळून त्यात चहा मागितला. आणि तो कौतुकाची वाट बघत होता.

मग आईने वाण पुढे केलं. तांब्याचं ताट, त्यात तिने स्वतः तळलेले अनारसे, वर तेवता दिवा. याने दिवा फुंकून खाली ठेवला आणि ताट पिशवीतल्या आकड्याच्या वजनकाट्याला अडकवलं. "फार जड आहे. याचा दुसरा उपयोग काय?"

आईला तो खराच प्रश्न वाटला. "कणीक मळाया होतंय की, जावईबापू. झाकणाला बी चालतंय. लई कामाचं हाय."

देवाब्राह्मणापुढे ठेवायच्या वाणाची माझी आई अशी वकिली करत होती. मला त्या क्षणी नवऱ्याचा भयंकर राग आला. तो हसला, अनारसे उशीच्या खोळीत ओतले, "रात्री हीच उशी," म्हणाला आणि निघाला. ताट, दिवा तिथेच.

मी मागे राहिले. आईने ताट धुतलं, पुसलं, पुन्हा पुसलं. माझ्याकडे न बघताच तिने विचारलं,

"चांदीचं असतं तर नेलं असतं का गं त्यांनी?"