मढच्या बंगल्यात स्वतःचा शोध, दुपारच्या जेवणासकट

आमच्या एचआरला वाटलं, टीमने अंतर्मुख व्हावं, तेही शनिवारी. म्हणून मी मुलुंडहून मढला स्वतःला शोधायला निघाले. मुलुंडमध्ये मी सापडत नव्हते म्हणे.

जाणाऱ्यांसाठी: लिंक रोडने गोरेगाव, पुढे रिक्षाने वर्सोवा, तिथून फेरीबोट. मालाडहून बसही आहे, पण पोचेपर्यंत माणूस आपोआप अंतर्मुख होतो. बोटीत टोपली घेऊन बसलेल्या मावशींनी विचारलं, "शूटिंगला चाललीस काय गं?"

"नाही, ध्यानाला."

"पैसे देऊन?"



बंगला शूटिंगलाच भाड्याने जाणारा. आमचे ध्यानाचे सर बालीला जाऊन श्वास घ्यायला शिकून आलेले. "समुद्र आत घ्या," ते म्हणाले. शेजारी बोंबील वाळत होते. सगळ्यांनी मनापासून आत घेतले.

माझी आई रोज सकाळी गॅलरीत हेच करते, फुकट, कुकरच्या तिसऱ्या शिट्टीपर्यंत. हे मी बोलले नाही. ऑफिसात तीन वर्षं मी बरंच काही बोललेले नाही. आडनाव विचारलं की मी ट्रॅफिकवर येते. दर १४ एप्रिलला रजेच्या अर्जात माझं पोट दुखतं. कळलं तर माझ्या डब्यात येणारे हात थांबतील, ही भीती खरी आहे.

क्विनोआच्या खिचडीनंतर (घरून खाऊन जा) मौनाचा तास होता. स्विमिंग पूलच्या कडेला शोभेची बुद्धमूर्ती होती आणि तिच्या खांद्यावर आमचा टीम लीड रोहन याचा ओला टॉवेल. मला राहवलं नाही. टॉवेल काढला, ओढणीने खांदा पुसला आणि सवयीने गुडघे टेकून, जमिनीला कपाळ लावून तीनदा वंदन केलं.

"झकास यार!" मौन मोडून रोहन म्हणाला. "कुठल्या वर्कशॉपला शिकलीस?"

'लोणावळा' अगदी जिभेवर आलं होतं.

"घरी," मी म्हटलं. "आम्ही बौद्ध आहोत." मग आडनावही सांगून टाकलं.

मौनाचा तास तेव्हा कुठे नीट सुरू झाला. सर "ब्यूटिफुल" म्हणाले. रोहन "अच्छा" म्हणाला आणि टॉवेल घेऊन गेला. परतीच्या बोटीत तो लांब बसला, कदाचित ऊन लागत असेल.

जावं का? सूर्यास्त छान दिसतो. मला मात्र सोमवारची धाकधूक आहे.

घरी आईला सगळं सांगितलं. "सगळ्यांसमोर बोललीस?"

"हो. आवाज कापत होता."

"कापू दे. मान खाली नाही ना घातलीस?"

"नाही."

तिने गॅस बंद केला आणि मला जवळ घेतलं. असं ती सहसा करत नाही.