नाल्याच्या चढावासाठी कार्बोरेटर

ट्रक माझा होता. हे आधीच सांगून टाकते, कारण त्या हिवाळ्यात हे एवढंसं वाक्य मला इतक्या जणांना सांगावं लागलं की शेवटी माझं मलाच ते खोटं वाटायला लागलं. नवरा काविळीनं गेला. मागे राहिलं पोंभुर्ण्याजवळच्या गावातलं दोन खोल्यांचं घर, एक मुलगी आणि मिलिटरीच्या लिलावातून आलेला हा जुना पेट्रोल ट्रक. कागदपत्रं माझ्या नावावर झाली. लोकांच्या तोंडी मात्र तो ‘भाऊचा ट्रक’च राहिला, आणि भाऊ गेला म्हणजे आता तो माझ्या दिराचा, हेही सगळ्यांनी परस्पर ठरवून टाकलं.

तेव्हा, म्हणजे पंच्याऐंशीच्या आसपास, आमच्याकडे बाकी सगळे डिझेलवर गेले होते. आमच्यासारखे एकदोनच पेट्रोलवाले उरले होते आणि त्यांची टिंगल व्हायची. जंगलात जिथं तोड चालते त्या कुपातून सागाचे लठ्ठे भरून डेपोवर टाकायचे, हे आमचं काम. रस्ता कसला, बैलगाडीची चाकोरी. मधे एक नाला. नाल्यात उतरायचं आणि भरल्या गाडीनं पहिल्या गिअरमध्ये रडतखडत पलीकडचा चढाव चढायचा. जी गाडी तो चढाव चढते तिला काम मिळतं. जी चढत नाही तिनं घरी बसावं, इतका साधा हिशेब होता.

त्या वर्षी तोड सुरू व्हायला आणि आमचा मॅनिफोल्ड तडकायला एकच गाठ पडली. मॅनिफोल्ड म्हणजे कार्बोरेटरमधून निघालेलं पेट्रोल-हवेचं मिश्रण सहाही सिलिंडरांना वाटून देणारा, फाटे फुटलेला बिडाचा नळ. तो तडकला की भेगेतून नुसती हवा आत शिरते आणि इंजिन दम्याच्या माणसासारखं खोकत राहतं. तोडीच्या ठेकेदारानं निरोप पाठवला, गाडी लवकर कामाला लावा, नाहीतर तुमचा नंबर दुसऱ्याला देतो. दीर त्याच संध्याकाळी आला.

‘‘वयनी, काऊन डोक्याले ताप करून घेऊन राह्यली? ट्रक मले देऊन टाक. मी पायतो सगळं.’’

मी म्हटलं, ‘‘पायाचं असन तर मॅनिफोल्ड पाय. ट्रक कोणाले द्याचा नाई.’’

दुसऱ्या दिवशी दीर, ट्रकवरचा जुना ड्रायव्हर आणि मी, तिघं खोकती गाडी घेऊन चंद्रपूरला गॅरेजात गेलो. मेकॅनिकनं दोन जोड्या काढून ठेवल्या. एक, आमच्याच इंजिनाचा बारीक फाट्यांचा जुना मॅनिफोल्ड आणि त्यावर बसणारा लहान तोंडाचा कार्बोरेटर. दुसरी, कुठल्याशा मोठ्या इंजिनावरून उतरवलेला चकचकीत अॅल्युमिनियमचा मॅनिफोल्ड आणि दोन नरड्यांचा थोराड कार्बोरेटर. तो आमच्या इंजिनावर सरळ बसत नव्हता, मधे जाड पट्टी घालून बसवावा लागणार होता.

मेकॅनिक समजावून सांगायला लागला. मला नाही हं. माझ्याकडे त्याची पाठ होती. पण मी काही बहिरी नव्हते. तो म्हणाला, बारीक नळातून हवा जोरात ओढली जाते, म्हणून इंजिन हळू फिरत असलं तरी पेट्रोल तिच्यात नीट मिसळतं आणि गाडी लोड ओढते. मोठ्या नरड्यात हळू इंजिनाची हवा मंदावते, पेट्रोल नुसतं ओघळतं, गाडी गुदमरते. पण एकदा इंजिन जोरात फिरायला लागलं की मोठ्याला तोड नाही.

‘‘तं भाऊ, नाल्यातून लोड काढाचा हाय का रोडवर पळवाची हाय?’’ त्यानं दिराला विचारलं.

‘‘लोड काढाचा हाय,’’ मी म्हटलं.

‘‘पळाले पायजे गाडी,’’ दीर म्हणाला. ‘‘डिझेलवाले हासते आमाले.’’

मेकॅनिकनं मान हलवली, ती दिराकडे बघून. मी पुन्हा सांगितलं, जुन्याच पद्धतीचा लावा. ड्रायव्हर म्हणाला, बाई, तुमी बाहेर बाकड्यावर बसा, इथी ऑइल सांडलं हाय. मुलगी घरी एकटी होती, शेवटची बस पकडायची होती. निघताना मेकॅनिकला तिसऱ्यांदा सांगितलं, ‘‘भाऊ, लहानवाला.’’ तो हो म्हणाला. अगदी तोंड भरून हो म्हणाला.

दोन दिवसांनी दारात हॉर्न वाजला. बघते तर ट्रकचं बॉनेट दोरीनं बांधलेलं. थोराड कार्बोरेटर इतका उंच होता की बॉनेट बसेना, आणि हवा गाळणारं डबडं तर काढूनच टाकलेलं. जंगलातली सगळी लाल धूळ आता थेट इंजिनाच्या पोटात जाणार होती. तळपायाची आग मस्तकाला गेली. दीर मात्र खुशीत होता. चंद्रपुरापासून गाडी कशी उडत आली, दोन डिझेलवाल्यांना कसं मागे टाकलं, हे अंगणात उभा राहून सगळ्या गल्लीला सांगत होता. रिकामी गाडी, डांबरी रस्ता. अशी तर माझी मुलगीसुद्धा उडते.

‘‘उद्या लोड भरा,’’ मी म्हटलं. ‘‘मी संग येतो. चढाव चढली तं बोला.’’

दीर आणि ड्रायव्हर एकमेकांकडे बघायला लागले. मग ड्रायव्हर जमिनीकडे बघत म्हणाला, ‘‘बाई, पह्यली खेप हाय. तुमी नोका बसू.’’

का नको, ते त्यानं सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. ट्रकवाल्यांत ते चालत आलेलं, पहिल्या खेपेला विधवा बाई कॅबिनमध्ये नको. चालत आलं असेल. पण आमची घरं दीक्षा घेतलेली. सासऱ्यानं घरातले देव स्वतःच्या हातानं टोपल्यात भरून नदीत सोडले होते. दीर विहारात पहिल्या ओळीत बसून पंचशील म्हणायचा, आवाज सगळ्यांत मोठा त्याचा. आणि तो या क्षणी मूग गिळून बसला होता. मला त्या ड्रायव्हरपेक्षा त्याचा शंभरपट राग आला. अजून येतो.

मी बसले. दाराकडे मी, मधे दीर, पलीकडे ड्रायव्हर. कुपात लठ्ठे भरले, साखळ्या आवळल्या, नाल्यात उतरलो. चढाव लागला तशी गाडी पहिल्या गिअरमध्ये घातली. अर्ध्यापर्यंत कशीबशी आली. ड्रायव्हरनं पाय दाबला तर जोर यायच्या ऐवजी भसकन आवाज झाला, इंजिन गुदमरलं आणि बंद पडलं. गाडी मागे सरकायला लागली. ब्रेक धरेना. मागून चालत येणाऱ्या हमालांनी धावत चाकाखाली दगड लावले म्हणून वाचलो, नाहीतर लठ्ठ्यांसकट नाल्यात गेलो असतो. कच्च्या पेट्रोलचा वास नाकात बसला होता.

खाली उतरल्यावर मला वाटलं, आता तरी कार्बोरेटरकडे बघतील. कुणी बघितलं नाही. हमाल गोळा झाले, त्यांच्यासमोर ड्रायव्हर म्हणाला, ‘‘मी म्हनलोच होतो, बाईले बसवू नोका.’’ आणि दीर, पंचशीलवाला दीर, म्हणतो, ‘‘जाऊ दे आता. झालं ते झालं. वयनी आयकत नाई कोनाचं.’’

मेकॅनिकनं स्वतःच्या तोंडानं सांगितलं होतं की हा कार्बोरेटर लोडखाली गुदमरणार. तो तसाच गुदमरला. आणि खापर माझ्या कपाळावर, कारण त्यावर कुंकू नव्हतं. रडू आलं नाही. चप्पल काढून हाणावं असं मात्र वाटलं, आणि हाणली नाही याचं आजही वाईट वाटतं.

लठ्ठे उतरवून रिकामी गाडी कशीबशी गावात आणली आणि मी एकटी चंद्रपूरला गेले. मेकॅनिकला म्हटलं, ‘‘भाऊ, तुमाले माहीत होतं ना?’’

‘‘मालकानं सांगतलं ते लावलं, बाई.’’

‘‘मालक कोन?’’

तो हातातला पाना पुसत राहिला. लहान कार्बोरेटर आणि बारीक फाट्यांचा मॅनिफोल्ड त्याच्याकडे होताच. त्याला सामानासकट बसमध्ये घालून गावात आणला आणि माझ्या डोळ्यांसमोर बसवायला लावला. हवेचं डबडं परत चढलं, बॉनेट लागलं. दोरी मी चुलीत घातली.

मग पुन्हा तेच कूप, तितकेच लठ्ठे, तोच नाला. आणि कॅबिनमध्ये मी. या वेळी कुणी बसू नका म्हणालं नाही, नुसते थोबाडं पाडून बसले. चढाव लागला. इंजिन कण्हलं, पण सोडलं नाही. बैल मान खाली घालून ओढतो तशी गाडी न थांबता, घाई न करता वर आली.

वर आल्यावर ड्रायव्हर म्हणाला, ‘‘कार्बोरेटर बराबर लागला आता.’’

म्हणजे अडकली तेव्हा मी, आणि चढली तेव्हा कार्बोरेटर. मी काही बोलायच्या आत दीर म्हणाला, ‘‘वयनी, तू इथीच उतर. डेपोवर सगळे गाडीवाले राह्यते. पह्यल्या खेपेले तुले कॅबिनमधी पायतीन तं नाव ठेवतीन आपल्याले. आमी खाली करून येतो आन घेऊन जातो तुले.’’

ड्रायव्हरनं गाडी हळू केली. मला विचारलं नाही. दीर बोलला आणि त्यानं हळू केली.

मी दिराच्या अंगावरून हात घालून चाबी फिरवली आणि काढून घेतली. पेट्रोलचं इंजिन, जागच्या जागी बंद झालं. जंगलात एकदम सुनसान.

‘‘ज्याले लाज वाटते त्यानं उतराव,’’ मी म्हटलं. ‘‘गाडी माही हाय.’’

‘‘वयनी, येड्यासारकी नोको करू.’’

मी चाबी मुठीत धरून समोर बघत बसले. तो बोलत राहिला, भावाचं नाव काढलं, घराण्याची अब्रू काढली, मुलीच्या लग्नाची भीती घातली. मी दार उघडलं, खाली उतरले, त्याला वाट करून दिली आणि तो उतरल्यावर पुन्हा वर चढून बसले. तो रस्त्यावर उभा राहून ड्रायव्हरला म्हणाला, ‘‘उतर तूबी. पायू कशी नेते.’’

ड्रायव्हरनं त्याच्याकडे बघितलं. मग माझ्या मुठीकडे बघितलं. मग माझ्यापुढे तळवा पसरून, इतक्या वर्षांत पहिल्यांदाच, मला विचारलं,

‘‘बाई, चालू का?’’