बाबाजानच्या दुकानातली पहाऱ्याची खुर्ची

बाबाजानला त्या खुर्चीचा भयंकर राग होता. केडगावात त्याचं गाद्यांचं दुकान. बाप पिंजारी, आजा पिंजारी. गिऱ्हाईक जुनी गादी घेऊन यायचं आणि पिंजायच्या मशीनसमोरच्या पत्र्याच्या खुर्चीत ठाण मांडून बसायचं. का? तर पिंजाऱ्यानं चांगला कापूस काढून चिंध्या भरू नयेत म्हणून! उभ्या जन्मात बाबाजाननं मूठभर कापूस इकडचा तिकडं केला नव्हता. पण पहारा काही उठला नाही. तो आतल्या आत जळायचा आणि पिंजत राहायचा.

त्याच कापसानं छातीत घर केलं. मागच्या हिवाळ्यात सावेडीच्या दवाखान्यात ॲडमिट व्हावं लागलं आणि बायकोच्या, सरवरीच्या, सोन्याच्या बांगड्या गेल्या. नोकरदाराला कंपनीचा विमा असतो. याला कोण देणार?

"आता विमा काढल्याबिगर मी गप बसायची न्हाई," सरवरीनं बजावलं.

एजंट आला तो रंगनाथ. स्वतःच्या पोरीच्या लग्नाच्या गाद्या भरून घेताना हाच रंगनाथ दिवसभर त्या खुर्चीत बसला होता, जेवायलासुद्धा उठला नव्हता. आज त्याच खुर्चीत बसून तो मोबाईलवर दोघा नवरा-बायकोचा फॉर्म भरू लागला. जिभेवर नुसती साखर.

"चाचा, धंदा दुकानदारी टाकतो. पिंजायचं नाव नको. खोकला, दम, दवाखाना, सगळ्याला 'नाही'. कंपनीच्या डॉक्टरचा फोन आला की तुमच्या भावाला तुमच्या नावानं बोलू द्या."

"म्हंजे खोटं?"

"लई लोक तसंच करत्यात."

बाबाजानचं डोकं फिरलं. "माझा कापूस राखत बसला हुतास न्हवं तू? दिवसभर! आन आज मलाच चोरी शिकवतोस? ऊठ खुर्चीवरनं!"

रंगनाथ धडपडत उठला. बाबाजान खुर्ची ओढून त्याच्यासमोर बसला. "आता भर. माझ्या डोळ्यांदेखत. पिंजारी लिही. खोकला हाय लिही. दवाखान्याचंबी लिही."

रंगनाथनं तोंड वाकडं करून उभ्या उभ्या सगळं भरलं. आतून सरवरी ओरडत होती, "मोठे आले खरं बोलणारे! उद्या दम लागला तर काय खुर्ची विकायची?" बाबाजान ढिम्म हलला नाही. डॉक्टरचा फोनही त्यानं स्वतःच घेतला आणि बोलता बोलता पोटभर खोकला.

आठवड्यानं कळलं. सरवरीला विमा मिळाला होता, बाबाजानला नाकारलं होतं.

जन्मात पहिल्यांदा कुणीतरी त्याच्या शब्दावर विश्वास ठेवला होता, आणि म्हणूनच त्याच्या तोंडावर दार लावलं होतं. बाबाजान त्या कंपनीवर चिडला, रंगनाथवर चिडला, आणि सगळ्यात जास्त स्वतःवर.

दुसऱ्या दिवशी सकाळी सरवरी दुकानात आली. फरफटत खुर्ची आणली, मशीनसमोर मांडली आणि तीत बसली.

"नाकाला फडकं बांधा. डॉक्टरनं सांगितलंय, आन तुमी घटकाभरात खाली घेता. आता घेऊन दाखवा. मशीनच बंद करते."

"पहारा करनार हायस व्हय माझ्यावर?"

"रोज."

शिवी अगदी ओठांवर आली होती. बाबाजाननं तिच्या मोकळ्या मनगटांकडं पाहिलं, नाकाला फडकं बांधलं आणि मशीन सुरू केलं.